ड्राफ्टमधला निरोप

"गायकवाड, मनीषाचा मेल शोधा. सापडला तर ठीक, नाहीतर आजच तिला घरी पाठवतो," साहेब म्हणाले.

साहेब म्हणजे आमचे मालक. नागापूरच्या एमआयडीसीत आमचा पंपाच्या बॉड्या बनवायचा कारखाना आहे. मी तिथला आयटीवाला. मनीषा दरंदले क्वालिटीत. घोडेगावहून रोज एसटीनं येते. नवरा आजारपणात घरी बसलेला, सगळं घर तिच्या पगारावर.

एका लॉटचा बोअर, म्हणजे शाफ्ट बसतो ते भोक, मोठा झाला होता. लॉट तसाच ग्राहकाकडे गेला आणि परत आला. मनीषाचं म्हणणं, तिनं पुढच्या शिफ्टला कळवलं होतं. पुढच्या शिफ्टचे जाधव म्हणत होते, "मला कायबी मिळालं न्हाई."

"कुणाचाही मेलबॉक्स उघडायचा तर लेखी ऑर्डर लागेल, साहेब," मी म्हणालो. यावरून सगळे मला खडूस म्हणतात. म्हणू देत. साहेबांनी चिडून त्या लॉटपुरती ऑर्डर लिहून दिली.

आमच्याकडे आर्काइव्ह आहे. गेलेल्या-आलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत तिथं राहते, कुणी डिलीट केली तरी. शिवाय क्वालिटीच्या मेलची एक कॉपी थेट साहेबांना जाते. तशी सगळ्यांची सही घेतली आहे. या लॉटची कॉपी साहेबांना सापडत नव्हती. मी आर्काइव्ह चाळलं. मनीषाचा मेल नव्हता.

मला वाईट वाटलं. मी तिच्या टेबलाशी गेलो. "मनीषाताई, मेल गेलेलाच दिसत नाही."

"जाईल कसा, भाऊ? पाठवलाच न्हाई."

"मग कळवलं कसं?"

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ड्राफ्टात."

मी कपाळावर हात मारला. क्वालिटीच्या दोन्ही शिफ्टना आयडी एकच. पहिली शिफ्ट निरोप लिहायची आणि न पाठवता ड्राफ्टमध्ये ठेवायची. दुसरी शिफ्ट यायची, वाचायची आणि पुसून टाकायची. मेल जातच नाही, म्हणून आर्काइव्हला पत्ता नाही आणि साहेबांनाही नाही. माझ्या नाकाखाली हे कधीपासून चाललं होतं कोण जाणे!

आशा एकच होती, बॅकअप. त्यात मेलबॉक्स जसा आहे तसा उतरतो, ड्राफ्टसकट. आमचा बॅकअप शिफ्ट बदलताना होतो, मशीन बंद असतात म्हणून. त्या दिवशीचा उघडला आणि निरोप समोर आला: "बोअर मोठा हाय. लॉट बाजूला ठेवलाय. गाडीत भरू नका."

शेजारी आणखी ड्राफ्ट होते. एकात साहेबांच्या सेंटच्या वासावर दोन ओळी होत्या. ते मी तिथंच बंद केले.

केबिनमध्ये मनीषा आणि जाधव उभे होते. साहेबांनी निरोप वाचला. "बाकीचे ड्राफ्टही दाखवा."

"ऑर्डर या लॉटपुरतीच आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग मनीषाकडे. "पाठवला का नाही?"

"पाठवला की तुमाला दिसतो, साहेब. मागं एकदा पाठवला, तर तुमी समद्यांसमोर झापलं. माल अडवती म्हणून."

साहेब जाधवांकडे वळले. "आणि तुम्ही वाचूनही भरला?"

जाधवांनी घसा खाकरला. "वाचला हुता, साहेब. तुमचाच फोन आला, गाडी उभी हाय, भरा म्हणून. मग नाय म्हनायची हिंमत झाली न्हाई."

साहेबांनी निरोपाचा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "जा, कामाला लागा दोघंही. गायकवाड, माझी ती कॉपी बंद करा."

कॉपी मी लगेच बंद केली. आर्काइव्ह चालूच ठेवलं, ते लागतंच. तरी पुढे बरेच दिवस निरोप ड्राफ्टमध्येच पडत राहिले, मनीषाच सांगायची. मग एका सकाळी मनीषाचा मेल आला, त्याच आयडीवर दुसऱ्या शिफ्टला आणि तिनं स्वतःहून साहेबांनाही, कॉपीत मी: "बोअर मोठा. लॉट थांबवलाय." साहेबांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "बरं."

मेल जपायला सर्व्हर पुरतो. पण मेल पाठवला जावा असं वाटत असेल, तर वाचणाऱ्याला "बरं" म्हणता आलं पाहिजे.