घासलेल्या पाठीचं बटण

आमच्या बटणकाकूंनी सख्ख्या भावाला कात्री फेकून मारली, अशी बातमी गल्लीभर झाली आहे. साफ खोटी. कात्री टेबलावरच होती आणि मी समोर स्टुलावर बसले होते. काकूंनी फेकली असती तर नेम चुकला नसता, एवढंच माझं म्हणणं.

काकू चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करतात. जुनं बटण दिलं की आधी ओठाला लावतात. गार लागलं तर शिंपला. तापल्या सुईचं टोक टेकवून जळक्या केसांचा वास आला तर शिंग. मग पाठ बघून कोणी केलं, केव्हा केलं, सगळं सांगतात. माझ्या वयाचा अंदाज मात्र मी त्यांना करू देत नाही.

ही विद्या वडिलांची. ते शिंगाची बटणं करायचे आणि प्रत्येकाच्या पाठीवर आपलं अक्षर कोरायचे. काकूंच्या लग्नात घालायच्या आपल्या कोटाला त्यांनी स्वतः सहा बटणं केली होती. ते वारले तेव्हा काकूंनी त्यातलं एकच मागितलं. भाऊ म्हणाला, "कोट बाबांच्या अंगावरच गेला, ताई." वीस वर्षं काकूंनी ते खरं मानलं.

परवा सकाळी भावाची नवी सून आली. "आत्या, आमच्या कपाटात एक जुना कोट आहे. त्याचं एक बटण हरवलंय. याच्या जोडीचं मिळेल?"

काकूंनी तिनं नमुन्याला आणलेलं बटण उलटं केलं. पाठ घासलेली होती.

"हे भोक बघ, तिरकं," त्या मला म्हणाल्या. "बाबा डावखुरे. शेवटचं भोक पाडताना त्यांचं गिरमिट कलायचं. आणि भोकं बारीक आहेत, कारण माझ्या लग्नाच्या वर्षी जाड गिरमिट मोडलं होतं."

"आणि घासलंय केव्हा?" आमची जीभ कुठली गप्प बसायला.

"आठवडाही झाला नाही. अजून मळ बसलेला नाही."

सून बिचारी भोळी. "कालच आमच्या सासऱ्यांनी कानशीनं घासून दिलं. म्हणाले, आत्याला दाखवायचं तर स्वच्छ तरी असू दे."

संध्याकाळी भाऊ बटण परत मागायला आला तेव्हाही मी होतेच. कुर्त्याचं बटण लावून घ्यायचं होतं. दुपारी मीच तोडलं होतं.

"एका बटणावरून एवढं काय, ताई?" तो म्हणाला. "कोट मला हवा होता. तू मागशील अशी भीती वाटली, म्हणून बोललो तसं."

काकूंनी बटणाची मूठ उघडली नाही. म्हणाल्या, "मी बटण मागितलं होतं, कोट नाही. बाबांचं अक्षर घासलंस की मला बाबा ओळखू येणार नाहीत, एवढीच माझी ओळख ठेवलीस. आता जोडीचं बटण दुसरीकडे शोध, आणि ताईही तिथेच मिळते का बघ."