अहवालातली चौथी ओळ

सरलाच्या मानेवर उजव्या बाजूला बोराएवढी गाठ आली, तेव्हा दोन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. कॅन्सरचं नाव तिनंही घेतलं नाही, तिच्या नवऱ्यानं, सुगतनंही नाही. सर्जननी अर्ध्या तासात गाठ काढली आणि तपासायला पाठवली. आठ दिवसांनी स्क्रीनकडे बघत ते म्हणाले, “काळजीचं काही नाही. साधी गाठ होती.” सुगतनं दवाखान्याच्या दारातूनच अकोल्याला घरी फोन लावला.

पुढच्या रविवारी सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये ती ओल्या कपड्यांचा बांबू खिडकीबाहेर लावायला गेली आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. श्रिया, तिची तेरा वर्षांची लेक, उठून आली. “आई, गिव्ह मी लाह,” ती तिथल्या इंग्रजीत म्हणाली. सरलानं बांबू तिच्या हातात दिला.

सर्जन म्हणाले, सूज आहे, व्यायाम करा. तीन महिन्यांनी म्हणाले, वेळ लागतो. सरला अन्नाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. सांगितलेलं काटेकोर पाळायची तिला सवय. सकाळ-संध्याकाळ ती भिंतीवर बोटं चढवत राहिली आणि खांदा उतरत गेला.

नवव्या महिन्यात सुगतनं तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खांदा दाबून पाहिला. “गाठ काढताना खांद्याची नस, म्हणजे मज्जातंतू, कापली गेली आहे. सुरुवातीलाच कळलं असतं, तर जोडून बघता आली असती.”

सुगतला रडू आवरेना. सरला म्हणाली, “टॅक्सी नको, बसनंच जाऊ.”

तिनं प्रयोगशाळेतून एक दुपार सुट्टी घेतली आणि पाया लेबार भागातल्या ऑफिसात मिस ओंग नावाच्या वकीलबाईंना गाठलं. बाईंनी शांतपणे सांगितलं: तुमच्या उपचारांचे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. आणि चूक झाली हे दुसऱ्या एखाद्या सर्जननं लिहून द्यावं लागेल.

कागद आले. सरलानं गाठीचा अहवाल वरून खाली वाचला, रोज नमुन्यांचे अहवाल वाचते तसा. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: सोबत मज्जातंतूचा बारा मिलिमीटरचा तुकडा आढळला. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग उठून कुकर लावला.

कोर्टाआधी समेटाची बैठक ठरली. लांब टेबलाच्या पलीकडे सर्जन बसले होते, शेजारी त्यांचे वकील. सरलाला बोलायची मुभा होती. तिनं एवढंच विचारलं, “तुम्ही हा अहवाल वाचला होता का?”

शेजारच्या वकिलांनी सर्जनच्या बाहीला हात लावला. तरी ते म्हणाले, “निष्कर्ष वाचला होता.”

“वरचं?”

त्यांनी समोरचा अहवाल पालथा ठेवला. या उत्तरासाठी ती वर्षभर थांबली होती. ते मिळाल्यावर काहीतरी वाटेल असं तिला वाटलं होतं. खोलीतला एसी फार थंड होता, एवढंच जाणवलं.

भरपाई मिळाली. करारात लिहिलं होतं की सर्जननी चूक कबूल केलेली नाही, आणि या प्रकरणाबद्दल सरलानं कुणाशी बोलायचं नाही. “सही करणं बंधनकारक नाही,” मिस ओंग म्हणाल्या. “कोर्टात जाऊ शकता. दोन-तीन वर्षं जातील.” सरलानं सुगतकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिनं सही केली.

वैशाख पौर्णिमेला मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमली. सरला डाव्या हातानं खीर वाढत होती. शेजारच्या ब्लॉकमधली नंदाताई तिच्या खांद्याकडे बघत म्हणाली, “अगं, मग त्या डॉक्टरवर काही केलं नाहीस?”

“त्याबद्दल मला बोलता येत नाही, ताई.”

“हेच तर चुकतं आपल्या लोकांचं,” नंदाताई हळहळली. “हक्क असून गप्प बसतो. बाबासाहेबांनी हेच शिकवलं का आपल्याला?”

सुगतनं तोंड उघडलं. सरलानं नुसती मान हलवून त्याला थांबवलं. नंदाताईच्या वाटीत खीर घातली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली.