आत्याची करडई

भाषावार प्रांत पाडायचं चाललं होतं, तेव्हा आम्ही हैदराबादेत सुलतान बाजाराच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. वडील सरकारी दफ्तरात कारकून. दफ्तराचीही वाटणी होणार होती. काही माणसं मुंबईकडे जाणार, काही इथंच राहणार. घरात दुसरा विषय नसायचा. त्या श्रावणात आत्या गावाहून आली.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मराठवाड्यातली आमची काळी जमीन तीच कसायची. जेवताना वडिलांनी पेरणीचं विचारलं. तिनं सांगितलं, यंदा पेरलंच नाही. रान मोकळं ठेवलंय आणि तण येऊ नये म्हणून अधूनमधून वखर फिरवते. वडिलांचा घास हातातच राहिला. सगळं गाव मृगात ज्वारी पेरतं, मग लोक काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. लोक हसतात, ती म्हणाली.

"दादा, चार वर्षं मी बघते. मृगात ढग येतात नि जातात. खरा पाऊस भाद्रपदात पडतो, ज्वारी दाण्यात आल्यावर. कणसं काळी पडतात. मग मी त्या पावसाच्या मागूनच का पेरू नये?"

अर्ध्या रानात रब्बीची ज्वारी आणि अर्ध्यात करडई, असा तिचा बेत होता. ज्वारीचं बी घरचं होतं. करडई आजवर ती नुसती कडेला दोन ओळी पेरायची, तिचं एवढं बी गावात कुणाकडे नव्हतं. त्यासाठीच ती आली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर बेगम बाजारात गेले. मी दहा वर्षांची होते. तिथले दुकानदार करडईला कुसुमा म्हणत आणि ती तेलासाठी विकत. आत्यानं चार दुकानांतून मूठ मूठ दाणे घेतले, घरी येऊन चार ओल्या फडक्यांत बांधले आणि खिडकीत ठेवले. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं काम माझं. पाचव्या दिवशी तिनं पुरचुंड्या सोडल्या. एकीला वास मारत होता, दोहोंत थोडेच दाणे उगवले होते; चौथीत मात्र जवळजवळ प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब. तिनं सगळ्यांना हाक मारून दाखवलं आणि त्याच दुकानातून पोतंभर बी घेतलं. आठवडाभर कुरकुरणाऱ्या वडिलांनीच मग ते पोतं काचीगुडा स्टेशनवर गाडीत चढवून दिलं.

संक्रांतीला आम्ही गावी गेलो. भाद्रपदात पाऊस तसाच कोसळला होता आणि शेजाऱ्यांची ज्वारी काळी पडली होती. आत्याच्या अर्ध्या रानात रब्बीची ज्वारी उभी होती आणि उरलेलं अर्धं करडईच्या पिवळ्या-केशरी फुलांनी भरलेलं. मी धावत आत शिरले आणि काट्यांनी पोटऱ्या ओरबाडून घेतल्या. घरी तिनं बिनदुधाचा चहा दिला. मृगातली ज्वारी नाही म्हणून कडबा नव्हता आणि म्हैस नणंदेच्या गावी धाडावी लागली होती. हे सांगताना ती चुलीकडे बघत होती. "ते माझ्या ध्यानातच आलं नाही," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बांधावर वडिलांनी तिला विचारलं, "मी काय करू, बाई? मुंबईकडे जाऊ की तिथंच राहू?"

"ते मला नाही कळत, दादा. शेतातलं विचार."

वडील हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांना हसताना मी पाहिलं. पुढं ते हैदराबादेतच राहिले. गाव दुसऱ्या राज्यात गेलं तरी सुट्टीत आमचं जाणं-येणं सुटलं नाही.

तिसऱ्या वर्षी आत्यानं एका पट्ट्यात पुन्हा मृगातली ज्वारी घेतली, चाऱ्यापुरती. दाणा काळा पडला तरी कडबा हाती लागला आणि म्हैस परत आली. तोवर गावातली बरीच रानं पावसाळ्यात मोकळी दिसू लागली होती. बायका पेरणीचं विचारायला तिच्याकडे यायच्या. ती प्रत्येकीला आधी विचारायची, घरी जनावरं किती आहेत.