पायाळू चिंधूची विहीर

बावीस घरांचं संध्याकाळचं पाणी मी बुटांसकट तुडवलं, ते पासष्ट सालच्या एप्रिलात. बोईसरच्या पूर्वेला, डोंगरातल्या खडकीपाड्यावर नवा मास्तर म्हणून निघालो होतो. ओढ्याच्या कोरड्या पात्रात बायका हंडे घेऊन ओळीने बसलेल्या. मधे कमरेएवढा खड्डा, तळाशी परातभर पाणी. तोंडावर एक हबका मारावा म्हणून वाकलो, वाळू ढासळली आणि मी थेट आत. पाण्याचं पिठलं झालं.

ओळीत पहिली होती ती नवसी म्हणाली, "मास्तर, आंगोळच करायची व्हती तं साबू तरी आनायचा!"

बायका हसल्या. हंडे रिकामेच राहिले. मला हात देऊन वर ओढलं ते नवसीच्या नवऱ्याने, चिंधूने. "बसा आता," तो म्हणाला. "गाळ बसून पानी निवलंपर्यंत कोनी पीत नाय. तुमीबी नाय."

चिंधू पन्नाशीचा. वाळल्या दोरखंडासारखं अंग, डोक्याला फडकं. जन्मताना आधी पाय बाहेर आले, म्हणून पायाळू. पायाळूच्या तळव्याला जमिनीखालचं पाणी कळतं, अशी इकडे लोकांची खात्री. किनाऱ्यावरच्या शिरगावच्या वाड्यांमधल्या कितीतरी विहिरी त्याने अनवाणी चालून दाखवलेल्या. एका विहिरीचे पायलीभर तांदूळ, हीच त्याची उन्हाळ्याची कमाई. पण आभाळ गडगडलं की तेच लोक त्याला चार हात लांब उभं करत, कारण वीज म्हणे पायाळूवरच पडते. "पानी पायजे तवा चिंधूदादा, आन वीज आली का चल तिकडं!" असं सांगून तो स्वतःच खोखो हसे.

दुनियेला विहिरी दाखवणाऱ्या या माणसाच्या पाड्यावर मात्र विहीर नव्हती. खणायला पैसा कुठला? मागच्या वैशाखात त्या खड्ड्याच्या पाण्याने हगवण लागून त्याची पाच वर्षांची नात ठकी गेली. हे सांगताना तो हसला नाही.

बुटांचं पाप फेडायला मी पालघरात विहिरीच्या वर्गणीसाठी भाषण ठोकलं. मला एक हार मिळाला. मग चिंधूच म्हणाला, "चला मुरब्याला."

मुरब्याला, समुद्रकाठच्या गावात, काशीबाई नावाची मासळीवाली दारात जाळीवर बोंबील वाळवत होती. तिच्या आळीतली गोड्या पाण्याची विहीर चिंधूनेच दाखवलेली. आमचं ऐकून घेतलं आणि तिने तिथूनच आळीला हाक दिली, "अगो बायांनो, याच्या पायाचं पानी आपन पितो, आन हा चिखल पितो!" घराघरातून सुक्या बोंबलांच्या टोपल्या निघाल्या. बोईसरच्या बाजारात आम्ही त्या विकायला बसलो. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे परमुलखी मजूर भाव करता करता विहिरीचं ऐकत, आणि भाव करायचं विसरत. त्यातले सहाजण रविवारी पहारी घेऊन पाड्यावरच हजर झाले. "पानी का काम है, मास्टरजी. मजूरी कैसी?"

चिंधू सकाळभर अनवाणी फिरला आणि घरांच्या अगदी समोर थांबला. नवसीच्या चुलीपासून वीस पावलं. म्हणाला, "हितं."

आधी माती निघाली, मग मुरूम, मग काळा कातळ. सुरुंग लावला, धूळ निघाली. दुसरा लावला, आणखी धूळ. मे संपत आला तेव्हा तीन पुरुषांच्या उंचीएवढा खोल खड्डा ठणठणीत कोरडा होता. ओढ्यातला खड्डाही आटला. बायका दोन कोसांवरून हंडे आणू लागल्या. नवसीने टोमणे मारायचं सोडलं, त्याची मला जास्त भीती वाटली. पाड्यात पुन्हा दोन पोरं हगवणीने आडवी झाली. बोंबलांच्या पैशातून उरलं होतं ते एका सुरुंगापुरतं.

अशात काशीबाईचा निरोप आला: आळीतल्या बायका उद्या नव्या विहिरीचं पाणी प्यायला येतायत.

मी शिडीवरून खाली उतरलो. चिंधू तळाशी कातळाला पायाचा तळवा लावून उभा होता.

"तिसरा सुरुंग लावू या, चिंधूदादा."

"नको." त्याने कातळावरचा पाय उचलून घेतला. "लोकांच्या आवारात माझा पाय बोलायचा, मास्तर. हितं पाय गप व्हता. नवसीला लांब जाया लागू नये म्हनून मीच बोललो."

मी विचारलं, "मग पाणी आहे कुठे?"

"पाड्याच्या खाली, करवंदीच्या जालीपाशी खना. उरलेला पैसा तिथं घाला."

"तिथं पाय बोलतो?"

"आता पायाचं नाव काडू नका. भर उन्हात तिथली झाडं हिरवी हायत. तुमालाबी दिसतील."

दुसऱ्या दिवशी चढावर काशीबाई दिसली. मागे दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी कळशी. चिंधू खड्ड्याच्या काठावर उभा होता. ही गोष्ट किनाऱ्यावर पोचली की याला पुन्हा कोणी विहीर दाखवायला बोलावणार नाही, हे मला कळत होतं. त्यालाही कळत होतंच. मी घाईघाईने एक थाप तयार केली. "सुरुंगाची दारू ओली निघाली, असं सांगतो," मी कुजबुजलो. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"अरे, मग त्यांना सांगू तरी काय?"

"सांगा, चिंधू चुकला."