तलावाभोवतीचे ग्रह

वडाळे तलावाभोवती मी रोज सकाळी चालते. एकदा कट्ट्यावर एक आजोबा नातीला दुसऱ्या दिवशीच्या पेपरासाठी ग्रह शिकवत होते. तलाव हा सूर्य आणि फेऱ्या मारणारे आम्ही ग्रह. मिटलेली छत्री ते एकेकावर रोखत. धावणारा तरुण बुध, लगबगीने चालणारे काका मंगळ.

मग छत्री माझ्यावर आली. "आनि ह्यो शनी. लय हलू फिरतो."

शनी? मी? पुढच्या फेरीत ओढणी खोचून मी मंगळाला मागे टाकलं.

"आजोबा, शनी पुढे गेला!" नात ओरडली.

आजोबा छत्री हलवत उठले. "ओ ताई, हलू चाला! पोरगी पेपरात उलटं लिवील!"

मी मुकाट्याने मंगळाला पुढे जाऊ दिलं. परीक्षेच्या तोंडावर लेकराला साडेसाती लावण्याइतकी मी काही दुष्ट नाही.