मामांनी निवडलेला हुक

लोखंडावरच्या ओल्या काळ्या रंगाचा वास आला की मला निजामपुऱ्यातलं गाड्यांच्या सामानाचं ते दुकान आठवतं. मामांना कारच्या मागे ट्रेलर ओढायचा हुक बसवायचा होता. गुजराती दुकानदाराने विचारलं, "ट्रेलर केवडुं छे, साहेब?" मामा म्हणाले, "ट्रेलर नथी. सिग्नलला स्कूटरवाले मागून चिकटतात ना, त्यांची हौस फेडायचीय." दुकानदाराने काढून ठेवता येणारा हुक दाखवला, मामांनी तो बाजूला सारून सगळ्यांत लांब, बंपरबाहेर वीतभर येणारा उचलला. म्हाताऱ्या फिटरने तो बसवला, हत्यारं घेऊन तो वळला आणि त्याची नडगी हुकाच्या टोकाच्या लोखंडी गोळ्यावर आपटली. तो मटकन खाली बसला. पायजम्यावर रक्त उमटलं. मामा मला म्हणाले, "बघ, हुक काम करतो." मला त्यांना चार शब्द सुनावायचे होते, पण दुसऱ्या दिवशी आमच्या मोर्च्याची पत्रकं न्यायला मला तीच गाडी हवी होती. मी म्हणाले, "छान बसलाय, मामा." फिटरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आज मी रस्ता-सुरक्षेच्या पत्रकांत अशा हुकवाल्यांना सरळ नीच म्हणते. हुक बघून छान म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं, ते लिहायची मात्र माझी अजून हिंमत झालेली नाही.