खुर्ची आमची होती

सरकारच्या योजनांवर आमच्या गल्लीइतकं कडक मत कुणाचंच नसेल. कर्जातून मिळालेली म्हैस आटली की सरकार वाईट, तलावाच्या खोदकामावर हाताला काम मिळालं की तेच सरकार मायबाप. मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होते आणि सुट्टीत गावी आले की या सगळ्यांना शहाणपण शिकवायचे.

त्या वर्षी घरकुलासाठी गरिबांची पाहणी निघाली. आमच्या शेजारची काकू एकटी, नवरा गेलेला. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. घराला कुडाच्या भिंती, पावसात पातेली कुठं मांडायची ते ठरलेलं. घरकुल मिळावं तर आधी तिला, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

पाहणीला बाहेरगावचे एक गुरुजी येणार हे कळलं आणि काकूची धांदल उडाली. सकाळपासून सारवण झालं. समोरच्यांची खाट आली, कुणाचा पितळी हंडा आला, कुणाच्या फुलाफुलांच्या कपबश्या. आमची लाकडी खुर्ची मीच नेऊन ठेवली. पाहुणा येणार म्हटलं की आमची गल्ली असंच करते, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एवढी शिकलेली मी, मलाही नाही. दोन वेळचं भागतं का, असं गुरुजींनी विचारलं. काकू म्हणाली, देवाच्या दयेनं काही कमी नाही, आणि पोह्यांची बशी पुढं केली.

मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली, नावं वाचली गेली. त्यात काकू नव्हती. गुरुजी बिचारे सरळ माणूस. खाट, खुर्ची, हंडा, सगळं डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं, पण चारचौघांत तिचं उणं काढायचं कसं? काकू पदराचं टोक पिळत बसली होती. घर हातचं जात होतं आणि सगळं गाव गप्प. मला रडू आवरेना.

तेवढ्यात माझी आई उठली. ग्रामसभेत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"खुर्ची आमची हाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग समोरच्यांनी खाट आपली म्हणून सांगितलं. हंड्याला धनी मिळाला, कपबश्यांना मिळाला. कुणीही हसलं नाही.

गुरुजींनी काकूला विचारलं, "मावशी, मंग त्या दिवशी सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही पहिल्यांदाच घरी आल्ते, गुरुजी. तुम्हाला भुईवर कसं बसवू?"

मावशीचं नाव यादीत घ्या, असं गुरुजी म्हणाले. मग काकूच्या नावासाठी पहिला हात त्यांनीच वर केला, त्यामागून साऱ्या गावानं. सरकारला नावं ठेवायला मी आजही पुढं असते, पण ते हात आठवले की जीभ आवरते.

काकूचं विटांचं घर उभं राहिलं. घरभरणीला तिनं गुरुजींना जेवायला बोलावलं, तेव्हा आईनं पुन्हा मला खुर्ची घेऊन धाडलं. काकूनं ती दारातूनच परत केली.

"राहू दे बाई," ती म्हणाली. "गुरुजी आता घरचेच हायेत."

आत गुरुजी नव्या फरशीवर मांडी घालून बसले होते.